जुनं सॉफ्टवेअर नव्याने लिहायचं की नाही, हे कसं ठरवावं

पतसंस्था, दूध संघ, घाऊक व्यापारी, छोटी रुग्णालयं अशा कितीतरी ठिकाणी आजही व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) किंवा फॉक्सप्रो अशा जुन्या साधनांत लिहिलेले प्रोग्राम रोज सकाळी उघडतात आणि दिवसभराचा हिशेब सांभाळतात. तुमच्याकडे नुकतीच अशा एखाद्या प्रोग्रामची जबाबदारी आली असेल, तर पहिल्या काही आठवड्यांतच "हे सगळं बाजूला ठेवू आणि पहिल्यापासून लिहू" हे वाक्य कानावर पडेल. कदाचित ते तुमच्याच तोंडून निघेल.

असे जुने प्रोग्राम मी बरीच वर्षं सांभाळतो आहे. त्यांतले काही आम्ही पूर्ण नव्याने लिहिले, काही थोडे थोडे बदलत नेले आणि काही आजही तसेच चालू आहेत. या अनुभवातून माझं मत असं झालं आहे की कोड किती वाईट दिसतो यावर हा निर्णय घ्यायचा नसतो. तो दोन प्रश्नांवर घ्यायचा: प्रोग्राम ज्यावर उभा आहे तो आधार सुटतोय का? आणि प्रोग्राम आज नेमकं काय काय करतो, हे तुम्हाला कागदावर मांडता येतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल, तर नवीन लिहायला बसू नका, मग पहिल्याचं उत्तर काहीही असो.

खालची उदाहरणं मुख्यतः पतसंस्थेच्या प्रोग्रामची आहेत: पुढे व्हीबी ६, मागे अ‍ॅक्सेसचा डेटाबेस. तुमचा प्रोग्राम वेगळा असला तरी क्रम हाच ठेवा.

१. तक्रार नेमकी कोणाची आहे ते शोधा

"सॉफ्टवेअर जुनं झालंय" असं तीन वेगवेगळी माणसं म्हणतात आणि तिघांच्या म्हणण्याचा अर्थ वेगळा असतो. प्रोग्रामर म्हणतो तेव्हा त्याला कोड वाचवत नसतो. काउंटरवरचा कर्मचारी म्हणतो तेव्हा पासबुक छापायला वेळ लागत असतो. व्यवस्थापक म्हणतो तेव्हा शेजारच्या संस्थेने मोबाइल अ‍ॅप काढलेलं असतं.

पासबुकाचा वेळ बहुतेकदा डेटाबेसमधल्या एका टेबलावर इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) टाकून किंवा मागच्या वर्षांच्या नोंदी वेगळ्या करून कमी होतो. मोबाइल अ‍ॅपसाठी रोजच्या शिलका बाहेर काढणारी एखादी छोटी सेवा पुरते. तेवढ्यासाठी व्याजाचं सगळं गणित पुन्हा लिहायची गरज नाही. प्रोग्रामरच्या तक्रारीकडे मात्र सगळ्यात सावधपणे पाहा. दुसऱ्याचा कोड वाचणं हे नवा लिहिण्यापेक्षा अवघड काम आहे, त्यामुळे न समजलेला कोड वाईटच वाटतो. आणि ज्या विचित्र दिसणाऱ्या अटींमुळे कोड कुरूप झालेला असतो, त्यांतली बरीचशी कधीतरी कोणाच्या तरी ठरावाने, लेखापरीक्षकाच्या शेऱ्याने किंवा खातेदाराच्या तक्रारीवरून आलेली असते.

म्हणून पहिल्या आठवड्यात तक्रारींची यादी करा आणि प्रत्येकीसमोर तक्रार करणाऱ्याचा हुद्दा लिहा. त्या यादीतल्या किती गोष्टी पुनर्लेखनाशिवाय सुटतील, ते आधी पाहा.

२. खालचा आधार तपासा

भाषेचा किंवा साधनाचा "सपोर्ट संपला" हे ऐकून घाबरू नका, पण तारखा माहीत असू द्या. व्हिज्युअल बेसिक ६ हे १९९८ सालचं. त्याच्या विकसनाच्या साधनाचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्ये बंद केला, तरी त्यात बनलेले प्रोग्राम आजच्या विंडोजवर चालतात. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ चा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये संपला. पायथन २ चा १ जानेवारी २०२० ला संपला. फ्लॅश या वेबपानांवर अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या साधनाची गोष्ट वेगळी: ३१ डिसेंबर २०२० ला सपोर्ट संपला आणि पुढच्याच महिन्यात अ‍ॅडोबीने फ्लॅशमधला मजकूर चालणंच बंद केलं. म्हणजे एका प्रकारात साधन म्हातारं होतं पण चालत राहतं, दुसऱ्यात ते थांबतं. तुमचं कोणत्या प्रकारातलं आहे ते ओळखा.

डॉसवरचे फॉक्सप्रोचे प्रोग्राम १६ बिटचे असतील, तर ते ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटचंच आहे. तिथे जुना संगणक बंद पडला की तोवर न घेतलेला निर्णय घाईत घ्यावा लागतो. अ‍ॅक्सेसच्या फाइलला २ जीबीची मर्यादा आहे. फाइल त्या आकड्याकडे सरकत असेल तर तोही आधार सुटतोय असंच समजा. पण त्यावर डेटा एसक्यूएल सर्व्हरसारख्या डेटाबेसमध्ये हलवणं हा उपाय आहे, आणि तो पुनर्लेखनापेक्षा कितीतरी लहान आहे.

याच पायरीवर एक परीक्षा घ्याच. कोऱ्या संगणकावर फक्त हातातल्या सोर्स कोडवरून प्रोग्राम पुन्हा बनवून दाखवा. इथे हमखास तीन अडचणी येतात: कुठल्यातरी ओसीएक्स फाइलचं (प्रोग्रामला जोडलेल्या तयार भागाचं) लायसन्स सापडत नाही, रिपोर्टच्या साधनाची नेमकी आवृत्ती मिळत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हातातला कोड आणि शाखेत चालणारी एक्सई (तयार प्रोग्रामची) फाइल वेगवेगळ्या काळातल्या निघतात. तयार झालेला प्रोग्राम आणि चालू प्रोग्राम यांना एकच डेटा देऊन दोघांचं तेरीज पत्रक (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) ताडून पाहा. ते जुळलं नाही, तर तुमच्याकडे या प्रोग्रामचा कोड नाही असंच धरून पुढचा विचार करा.

३. कागदपत्रं आणि साधनं गोळा करा

निर्णयाच्या बैठकीआधी एवढं हातात हवं:

– सोर्स कोड गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवलेला, आणि तो चालू प्रोग्रामचाच असल्याचा पुरावा
– कोड ज्यावर बनतो त्या संगणकाची व्हर्च्युअल मशीनवर (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या, संगणकातल्या संगणकावर) घेतलेली पूर्ण प्रत
– डेटाची प्रत, खातेदारांची नावं, आधार आणि फोन क्रमांक बदलून
– किमान एका पूर्ण आर्थिक वर्षाचे रिपोर्ट: रोजकीर्द, तेरीज, व्याज यादी, नफा-तोटा पत्रक, ताळेबंद
– संस्थेचे उपविधी, व्याजदर बदलाचे ठराव, लेखापरीक्षण अहवालातले सॉफ्टवेअरशी संबंधित शेरे
– आधीच्या पुरवठादाराशी झालेला करार. कोडची मालकी कोणाची हे त्यात नीट वाचा
– दुरुस्त्यांची जुनी बिलं आणि ईमेल

शेवटच्या बाबीकडे लोक दुर्लक्ष करतात. "मुदतपूर्व ठेव मोडल्यास व्याज दुरुस्ती" असं लिहिलेलं एखादं बिल कोडमधल्या एका अनाकलनीय अटीचा उलगडा करून जातं. प्रोग्रामबरोबर दस्तऐवज आला नसला तरी बिलांची फाइल लेखा विभागात जपलेली असते.

४. जुना प्रोग्राम काय करतो ते लिहून काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कोड वाचण्याआधी काउंटरवर, माणसाच्या शेजारी बसा. रोखपाल स्क्रीनकडे न पाहता, नुसता अंकांच्या कळांवर हात ठेवून एंटर दाबत पावत्यांची भरणी करतो, ते पाहा. तुमच्या नव्या वेब फॉर्ममध्ये एंटर दाबल्यावर पुढच्या रकान्यात जाण्याऐवजी फॉर्मच सबमिट झाला, तर पहिल्याच दिवशी काउंटरवर रांग लागेल. प्रोग्रामबाहेर काय चालतं तेही टिपा: बाजूला उघडलेली एक्सेल फाइल, काचेखाली ठेवलेला व्याजाचा तक्ता, "हा आकडा नेहमी दोन रुपयांनी चुकतो, तो असा दुरुस्त करायचा" हे तोंडी चालत आलेलं ज्ञान.

तो दोन रुपयांचा फरक येतो कुठून, हे एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. व्हीबी ६ मधलं राउंड हे फंक्शन अर्ध्यावर आलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतं. म्हणजे १२.५० चे १२ होतात आणि १३.५० चे १४. पण त्याच भाषेतलं फॉरमॅट हे फंक्शन छापताना १२.५० चे १३ करतं. खात्यात जमा होणारं व्याज राउंडने काढलेलं आणि व्याज यादी फॉरमॅटने छापलेली असेल, तर यादीची बेरीज आणि खतावणीची बेरीज जुळणारच नाही. एका संस्थेत या फरकासाठी चक्क वेगळं खातं उघडलेलं मी पाहिलं आहे, आणि लेखापरीक्षकांनाही ते सवयीचं झालं होतं. आता तुम्ही नवा प्रोग्राम जावास्क्रिप्टमध्ये लिहिलात, तर तिथलं राउंड १२.५० चे १३ करतं. तुमचं गणित शाळेतल्या नियमाने बरोबर असेल, पण हजारो खात्यांवर जुन्या आकड्यांपेक्षा वेगळं येईल, आणि संचालक मंडळापुढे उभं राहून ते समजावून सांगावं लागेल. व्हीबी ६ मधला करन्सी हा प्रकार चार दशांश स्थळं नेमकी राखतो. नव्या भाषेत साधी दशांश संख्या वापरली तर तिथेही पैशांचा फरक डोकावतो. पैशांसाठी नव्या भाषेतला अचूक दशांश प्रकारच वापरा.

तारखांचंही तसंच. अ‍ॅक्सेसच्या क्वेरीत थेट लिहिलेली तारीख अमेरिकी पद्धतीने, म्हणजे महिना आधी धरून वाचली जाते. ०५/०४/२०२४ म्हणजे आपल्यासाठी ५ एप्रिल, तिच्यासाठी ४ मे. पण २५/०४/२०२४ दिली तर पंचविसावा महिना नसल्याने ती मुकाट्याने २५ एप्रिल धरते. त्यामुळे चूक फक्त महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत होते आणि वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. कोणत्या स्क्रीनवर जुन्या प्रोग्रामरने हे सांभाळलं आहे आणि कोणत्या नाही, याची यादी करा. वर्षाचे दोनच आकडे भरायची सवय असेल तर मुदत ठेवींच्या देय तारखा तपासा. जुन्या सेटिंगच्या संगणकांवर ३० म्हणजे १९३० धरलं जातं, आणि २०३० मध्ये मुदत संपणाऱ्या ठेवी आता संस्थांकडे आहेत.

हे सगळं नुसतं लिहून थांबू नका. ठरावीक नोंदी द्या, जुन्या प्रोग्रामचं उत्तर जसंच्या तसं साठवा आणि त्याची चाचणी बनवा. उत्तर बरोबर आहे की चूक हा प्रश्न इथे विचारायचा नाही. आज काय येतं एवढंच पकडायचं. कुठला आकडा मुद्दाम बदलायचा, ते नंतर लेखापरीक्षकांबरोबर बसून ठरवा आणि लेखी घ्या.

५. मराठी नावांचा डेटा वेगळा तपासा

इंग्रजीत लिहिलेल्या कोणत्याही मार्गदर्शकात ही पायरी सापडणार नाही, आणि आपल्याकडे तर याच जागी प्रकल्प अडकतात. युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधीच्या प्रोग्रामांत मराठी मजकूर फॉन्टच्या भरवशावर साठवलेला असतो. डेटाबेसमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. त्यावर तो विशिष्ट फॉन्ट चढवला की "पाटील" दिसतं, दुसरा चढवला की कचरा. फॉन्ट तयार करणाऱ्या प्रत्येकाचा तक्ता वेगळा, आणि काही वेळा एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांचाही वेगळा.

रूपांतर म्हणजे अक्षरामागे अक्षर बदलणं असं समजू नका. "आर्थिक" हा शब्द घ्या. जुना फॉन्ट तो डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवतो: आ, मग पहिली वेलांटी, मग थ, मग वरचा रफार, मग क. युनिकोडला उच्चाराचा क्रम हवा असतो: आ, र, हलन्त, थ, पहिली वेलांटी, क. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला वेलांटी पुढे आणि रफार मागे सरकवावा लागतो, आणि जोडाक्षर आलं की किती मागे हेही ओळखावं लागतं. शिवाय जुन्या फॉन्टमध्ये एकच अक्षर दोन प्रकारे बनवता येतं. पूर्ण "प" एका कळीने, किंवा अर्धा "प" आणि पुढे काना. दिसायला एकच, साठवलेलं वेगळं. त्यामुळे एकच खातेदार दोनदा नोंदलेला सापडेल.

चाचणीसाठी सोपी नावं घेऊ नका. कुऱ्हाडे, ज्ञानेश्वर, श्रीकृष्ण, दुर्गा, विठ्ठल, हर्षिता अशी घ्या. "कुऱ्हाडे"मधला ऱ्ह युनिकोडमध्येही दोन वेगळ्या पद्धतींनी लिहिला जातो. एक पद्धत ठरवा आणि शोध घेतानाही तीच लावा, नाहीतर काउंटरवर नाव टाकूनही खातं सापडणार नाही. जुन्या याद्यांचा क्रम फॉन्टच्या अंतर्गत अंकांवर ठरलेला असतो. युनिकोडमध्ये तो बदलेल, आणि छापील रजिस्टरशी ताडणाऱ्यांना हे आधी सांगून ठेवावं लागेल. रूपांतर झाल्यावर निदान एका शाखेची सगळी नावं माणसाकडून वाचून घ्या.

हे काम पुनर्लेखनाच्या निर्णयाआधी करून पाहता येतं, आणि करावंच. नावांचं रूपांतर जमत नसेल तर नव्या प्रोग्रामचं वेळापत्रक कागदावरच राहील.

६. वाटा दोनच नसतात

"आहे तसं ठेवा" किंवा "नव्याने लिहा" एवढ्यावर चर्चा आणू नका. जुना प्रोग्राम व्हर्च्युअल मशीनमध्ये सुरक्षित ठेवून चालवता येतो. त्याचा डेटाबेस तेवढा बदलता येतो. बाजारातलं तयार सॉफ्टवेअर घेता येतं, आणि संस्थेचे नियम सर्वसाधारण असतील तर मी आधी तेच सुचवतो.

आणखी एक वाट आहे, आणि ती मला सगळ्यात जवळची वाटते. एक एक भाग नव्याने लिहून जुन्याच्या शेजारी उभा करायचा आणि काम हळूहळू तिकडे वळवायचं. या पद्धतीला स्ट्रँगलर फिग म्हणतात. वडाचं बी दुसऱ्या झाडावर रुजतं, मुळं खाली सोडतं आणि कालांतराने मूळ झाड नसलं तरी वड उभा राहतो, त्यावरून हे नाव आलं. पतसंस्थेत आधी रिपोर्ट बाहेर काढा, मग एसएमएस, मग पिग्मी संकलन, आणि व्याजाचं गणित सगळ्यात शेवटी. इथला सापळा असा की अर्ध्यावर पैसे किंवा उत्साह संपतो आणि दोन्ही प्रोग्राम कायमचे सांभाळावे लागतात. म्हणून प्रत्येक भाग नवीन झाल्यावर जुन्यातली ती स्क्रीन प्रत्यक्ष बंद करण्याची तारीख ठरवा.

सरसकट पुनर्लेखनाची किंमत समजून घ्यायची असेल तर नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीचा इतिहास पाहा. १९९८ मध्ये त्यांनी जुन्या ब्राउझरचा कोड सोडून नव्या इंजिनवर सुरुवात केली. नेटस्केप ६ बाहेर पडायला नोव्हेंबर २००० उजाडला. आवृत्ती ५ कधी आलीच नाही, आणि मधल्या काळात इंटरनेट एक्सप्लोररने बाजार घेतला. त्याच नव्या इंजिनवर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० उभा राहिला, हेही खरं आहे. म्हणजे नवा कोड चांगला निघाला, पण कंपनीकडे तेवढा वेळ नव्हता. तुमच्या संस्थेकडे किती वेळ आहे, हा आकडा निर्णयात आधी लिहा.

७. आता निर्णय घ्या

पुढच्या सगळ्या गोष्टी खऱ्या असतील तरच मी पूर्ण पुनर्लेखनाला होकार देतो: आधार खरोखर सुटतो आहे आणि त्याला तारीख आहे, भाग वेगळे करता येत नाहीत असं प्रयत्न करून सिद्ध झालं आहे, चौथ्या पायरीवरच्या चाचण्या तयार आहेत, जुना प्रोग्राम जाणणारं निदान एक माणूस संस्थेत आहे आणि त्याचा रोजचा वेळ या कामासाठी राखून ठेवला आहे, आणि लिहिणं चालू असताना जुन्याची देखभाल करायलाही वेगळी माणसं आहेत.

शेवटची अट लोक विसरतात. तुम्ही नवीन लिहीत असताना जुनं थांबत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा सगळ्या बिलिंग प्रोग्रामांना बदलावं लागलं. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हा पुन्हा. असा बदल तुमच्या पुनर्लेखनाच्या मध्यावर आला तर तो दोन्हीकडे करावा लागेल. खर्चाच्या अंदाजात त्याची जागा ठेवा.

आणि "लिहितोच आहोत तर हेही घालू" याला ठाम नकार द्या. पहिल्या टप्प्यात नव्या प्रोग्रामने जुन्याइतकंच करायचं. नव्या मागण्यांची वही वेगळी ठेवा.

८. बदलाचा दिवस

ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारात सुमारे ५२ लाख ग्राहकांचं काम नव्या यंत्रणेवर नेलं. डेटा पोचला, पण यंत्रणा कोलमडली. असंख्य लोकांना आठवडेच्या आठवडे खाती नीट वापरता आली नाहीत, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. सगळ्या शाखा एकाच दिवशी हलवू नका.

आधी एक लहान शाखा घ्या. दोन्ही प्रोग्राम शेजारी चालवा आणि रोज संध्याकाळी रोख शिल्लक व तेरीज ताडा. सहामाही व्याज आकारणी या काळात एकदा तरी यायला हवी, कारण रोजच्या जमा-नावेत न दिसणारे फरक तिथेच दिसतात. आर्थिक वर्ष म्हणून १ एप्रिल सोयीचा वाटतो, पण त्याआधीचे दिवस मार्चअखेरच्या धावपळीचे असतात आणि कर्मचाऱ्यांना दोनदा भरणी करायला वेळ नसतो. शेजारी चालवण्याचं काम जानेवारीपर्यंत संपवा.

परत फिरण्याची तयारीही लेखी हवी: कोणता फरक निघाला तर जुन्यावर परत जायचं, ते कोण सांगणार, आणि तोवर नव्यात झालेल्या नोंदी जुन्यात कशा भरायच्या. बदल पूर्ण झाल्यावर जुना प्रोग्राम पुसू नका. त्यात फक्त पाहता येईल, नोंद करता येणार नाही अशा रीतीने तो व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवा, पासवर्ड दोन जणांकडे द्या आणि वर्षातून एकदा तो उघडून एखाद्या जुन्या खात्याचा उतारा छापून पाहा.